सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे!

मे महिना संपत आला आहे. पावसाचे ढग अजून घाटमाथ्यावर नुसतेच रेंगाळत आहेत. अशा वेळी अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आसपास, रतनवाडी, घाटघर, साम्रद या गावांच्या वाटेवर झाडे रात्री काजव्यांनी लखलखू लागतात. ती पाहायला लांबून माणसे येतात आणि जलाशयाच्या काठाने तंबू ठोकतात.

समजा, तुम्हीही घरच्या सात-आठ जणांबरोबर काकांच्या डिझेल जीपमधून तिथे गेला आहात. तंबू उभा राहिला, चूल पेटली. काकांनी गाडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला आणि झाडाच्या फांदीला तीन दिवे टांगले. सर्वांचे मोबाइल चार्जिंगला लागले. रात्री लॅपटॉपवर दोन तास सिनेमाही झाला. मंडळी खुशीत झोपली.

सकाळी निघायची वेळ झाली. काकांनी किल्ली फिरवली आणि सेल्फ मारला. 'टक' असा आवाज आला. पुन्हा मारला, पुन्हा 'टक टक टक'. इंजिन काही फिरेना. आसपास दुसरी गाडी नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि आजींची दुपारची औषधे घरी राहिली आहेत!

बॅटरी उतरली हे तर कोणीही सांगेल. पण ती का उतरली, आणि मुख्य म्हणजे ती खरोखर रिकामी झाली होती का? हिशेब केला, तर एक चमत्कारिक गोष्ट आपल्या लक्षात येईल. कागद-पेन्सिल घ्या, आपण तो करू या.

रात्रीचा जमाखर्च

आधी जमा पाहू. काकांच्या जीपच्या बॅटरीवर '१२ व्होल्ट, ६० अँपिअर-तास' असे लिहिले आहे. याचा ढोबळ अर्थ असा, की ही बॅटरी ३ अँपिअर प्रवाह सुमारे २० तास देऊ शकेल. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. म्हणून बॅटरीतील एकूण ऊर्जा १२ × ६० = ७२० वॅट-तास झाली. आपल्या घरच्या विजेच्या बिलात एक 'युनिट' म्हणजे १००० वॅट-तास असतात. म्हणजे एवढी जड बॅटरी, पण तिच्यात पाऊण युनिटसुद्धा वीज नाही!

आता खर्च. ९ वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास जळले; ९ × ३ × ४ = १०८ वॅट-तास. एका मोबाइलची बॅटरी पूर्ण भरायला सुमारे २० वॅट-तास लागतात. सहा मोबाइलांचे १२० झाले. लॅपटॉप ५० वॅटचा धरला, तर दोन तासांचे १००. एकूण ३२८ वॅट-तास.

पण खर्च इथे संपत नाही. बॅटरी देते तो एकदिश प्रवाह, तोही १२ व्होल्टचा. घरातील उपकरणांना लागतो २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणारा. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे काम इन्व्हर्टर करतो आणि त्याबद्दल आपली दलाली कापून घेतो. साधारण १०० वॅट-तास आत गेले, तर ८५ बाहेर येतात. उरलेल्यांची उष्णता होते. म्हणून ३२८ वॅट-तासांसाठी बॅटरीने ३२८ ÷ ०.८५ = ३८६ वॅट-तास दिले. शिवाय सर्व झोपल्यावर इन्व्हर्टर बंद करायचा राहून गेला. काम नसतानाही तो ५-६ वॅट खात राहतो. पाच तासांचे आणखी ३० धरा. एकूण ४१६ वॅट-तास, म्हणजे जवळजवळ ३५ अँपिअर-तास झाले.

६० मधून ३५ वजा केले, की २५ अँपिअर-तास उरतात. म्हणजे बॅटरी रिकामी झालेली नव्हती!

आता इंजिन सुरू करायला किती लागतात ते पाहा. सेल्फची मोटर सुमारे २०० अँपिअर प्रवाह ओढते, पण फक्त तीन सेकंद. २०० × ३ = ६०० अँपिअर-सेकंद. तासात ३६०० सेकंद असतात, म्हणून हा खर्च अवघा एक षष्ठांश अँपिअर-तास! उरलेल्या २५ अँपिअर-तासांत इंजिन दीडशे वेळा सुरू व्हायला हवे. मग ते एकदाही का झाले नाही?

उत्तर धरणात आहे

या कोड्याचे उत्तर शोधायला तुम्हाला लांब जायला नको. तुमचा तंबू ज्या पाण्याच्या काठी आहे, त्या भंडारदऱ्याच्या धरणाकडेच पाहा. प्रवरा नदीवरचे हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. या पाण्यावर पुढे खाली प्रवरेच्या कालव्यांची शेती भिजते आणि वाटेत धरणाच्या पायथ्याशी जनित्रे फिरवून वीजही काढली जाते.

धरण भरलेले असते तेव्हा पाण्याची उंची जास्त असते, म्हणून तळाशी दाबही जास्त असतो. झडप उघडली की पाणी जोराने उसळते. उन्हाळ्यात पातळी खाली जाते. पाणी असते, पण त्याचा जोर कमी होतो. आणखी खाली गेले, की पाणी दिसते, पण मोरीतून बाहेर येत नाही. त्याला आपण 'मृतसाठा' म्हणतो. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलांना हे सांगायला नको. धरणात किती पाणी आहे यापेक्षा त्यातले आवर्तनाला किती मिळेल, हाच प्रश्न घरोघर विचारला जातो.

बॅटरीचेही तसेच आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांचा आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा संचायक घट तयार केला. आजच्या मोटारीतल्या बॅटरीत याच जातीचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब सुमारे दोन व्होल्ट, म्हणून एकूण बारा. वीज घेत गेलो, की आम्लातील सल्फेट शिशाच्या पट्ट्यांवर जाऊन बसते आणि आम्ल पाण्यासारखे पातळ होते. मग दोन गोष्टी घडतात. बॅटरीचा दाब थोडा उतरतो; आणि प्रवाहाला आतल्या आत होणारा विरोध, म्हणजे अंतर्गत रोध, वाढतो.

ओहमचा नियम आठवा: दाबातील घट = प्रवाह × रोध. भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट आणि अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरू. सेल्फने २०० अँपिअर ओढले, की आत २०० × ०.०१ = २ व्होल्ट खर्ची पडतात. सेल्फला १०.६ व्होल्ट मिळतात आणि तो इंजिन झटक्यात फिरवतो. आता उतरलेल्या बॅटरीचा दाब १२ व्होल्ट आणि रोध ०.०२ ओहम धरा. आतच ४ व्होल्ट गेले! सेल्फला मिळाले ८. एवढ्यात डिझेल इंजिनातल्या हवेचा दाब मोडून ते फिरवण्याचा जोर येत नाही. आतली लोखंडी कळ चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. तोच तो 'टक टक' आवाज.

गंमत अशी, की याच बॅटरीवर दिवा मात्र छान लागतो. दिव्याला एक अँपिअरही लागत नाही, त्यामुळे अंतर्गत रोधात काहीच हरवत नाही. म्हणून 'दिवा लागतोय ना, मग बॅटरी ठीक आहे' असे म्हणणारा फसतो. सकाळी साठा होता, पण जोर नव्हता. बॅटरीचा हा मृतसाठा!

धावपटू आणि हमाल

ही बॅटरी मुळात रात्रभर दिवे लावण्यासाठी केलेलीच नसते. पूर्वी मोटारीचे इंजिन पुढे उभे राहून लोखंडी दांड्याने, 'हँडल मारून' सुरू करावे लागे. दांडा उलटा फिरला तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि तो १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसवला गेला. तेव्हापासून मोटारीच्या बॅटरीला मुख्य काम लागले ते क्षणभर प्रचंड प्रवाह देण्याचे. त्यासाठी तिच्यात पातळ पट्ट्या पुष्कळ संख्येने बसवतात, म्हणजे आम्लाशी संपर्काचे क्षेत्रफळ वाढते. ती शंभर मीटर धावणाऱ्या खेळाडूसारखी आहे. घरच्या इन्व्हर्टरला असलेली बॅटरी जाड पट्ट्यांची असते. ती दिवसभर ओझे वाहणाऱ्या हमालासारखी. धावपटूला रोज पोती उचलायला लावली, तर तो लवकर मोडणारच. मोटारीची बॅटरी वारंवार खोलवर उतरवली, की पट्ट्यांवरचे सल्फेट कडक होऊन बसते आणि बॅटरी कायमची दुबळी होते.

म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा: इंजिन बंद असताना बॅटरीतील एक तृतीयांशापेक्षा जास्त वीज वापरायची नाही. जुन्या बॅटरीत त्याहूनही कमी. काकांच्या जीपसाठी ही मर्यादा २४० वॅट-तासांची झाली. आपण वापरले ४१६!

नगरकरांना जुनीच असलेली युक्ती

गाडीवर वीज घेण्याचा प्रकार काही तंबूवाल्या पर्यटकांनी शोधलेला नाही. गावात रिक्षा किंवा जीप फिरवून सभेची, नाटकाची दवंडी दिली जाते, ती तुम्ही ऐकली असेल. तिच्यातला ॲम्प्लिफायर थेट १२ व्होल्टवर चालणारा असतो. ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. तिथे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लागलेला दिवा दिसतो. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातून जाते. मुक्कामाच्या ठिकाणी दिंडीचा मालट्रक उभा राहिला, की वारकरी मोबाइल घेऊन त्याच्याभोवती जमतात.

या लोकांच्या व्यवहारात दोन धडे आहेत. पहिला असा, की शक्य तिथे इन्व्हर्टर मध्ये आणायचाच नाही. १२ व्होल्टचा दिवा बॅटरीवर थेट लावला, तर दलाली वाचते. असे दिवे सौर दिव्यांच्या दुकानात मिळतात. मोबाइलही गाडीच्या १२ व्होल्टच्या चार्जरवरच भरावा. मोबाइलला शेवटी लागतो एकदिश प्रवाहच. १२ चे २३० करायचे आणि मोबाइलच्या चार्जरने त्याचे पुन्हा ५ करायचे, म्हणजे राजूरहून भंडारदऱ्याला संगमनेरमार्गे जाण्यासारखे आहे!

दुसरा धडा: गाडी कोणती ते आधी पाहायचे. मोठ्या मालट्रकमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची व्यवस्था केलेली असते. १२ व्होल्टचे उपकरण तिथे लावले, तर ते जळेल.

रणगाड्यांतही २४ व्होल्टचीच व्यवस्था आढळते. नगर शहराजवळ १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी 'वाहन संशोधन व विकास संस्था'ही नगरलाच आहे. काही रणगाड्यांत मुख्य इंजिन बंद असताना बिनतारी यंत्रे चालावीत म्हणून एक छोटे वेगळे इंजिन बसवलेले असते. तत्त्व तेच: गाडी चालवण्याची वीज आणि मुक्कामाची वीज यांची सरमिसळ करायची नाही. तुम्हाला वारंवार तंबू ठोकायचा असेल, तर मुक्कामासाठी वेगळी बॅटरी नेणे हाच खरा उपाय.

किटली का नको?

'मग इन्व्हर्टरवर चहाची विजेची किटली लावू या का?' असे कोणी म्हणाले, तर त्याला हे गणित दाखवा. किटली १५०० वॅटची असते. इन्व्हर्टरची दलाली धरून बॅटरीतून १५०० ÷ ०.८५ ÷ १२, म्हणजे सुमारे १४७ अँपिअर प्रवाह ओढला जाईल. घरी २३० व्होल्टवर हीच किटली साडेसहा अँपिअर घेते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह साडेबावीसपट झाला, तर त्याच तारेत उष्णता सुमारे पाचशेपट होईल! तार वितळेल, आवरण पेटेल. गाडीतल्या सिगारेट-लायटरच्या भोकाला सहसा १० ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. १० अँपिअर धरले, तर तिथून १२० वॅटच घेता येतात. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणारा माणूस आग लावण्याचीच तयारी करत असतो. चहा आपला चुलीवरच बरा.

सर्वांत मोठा धोका

'बॅटरी उतरते ना? मग रात्रभर इंजिन चालू ठेवू या.' हा उपाय सुचतो खरा, पण तो महागही आहे आणि जीवघेणाही.

महाग कसा ते पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९००० वॅट-तास ऊर्जा असते. उभ्या गाडीचे इंजिन तासाला पाऊण लिटर जाळते असे धरले, तर ६७५० वॅट-तास खर्च झाले. त्या तासात आल्टरनेटरकडून आपण ३०० वॅट-तास घेतले, तर शंभरातले पाचसुद्धा हाती लागले नाहीत. बाकीची सगळी उष्णता आणि धूर.

आणि हा धूरच घातक. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो खोकला आणत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते. मग शरीराला ऑक्सिजन पोचेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. म्हणून चालू इंजिनाच्या मागे तंबू नको. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत कोणीही झोपायचे नाही. तंबूत शेगडीचे निखारे घेऊन झोपायचे नाही. तिथेही हाच वायू तयार होतो. पोर्टेबल जनित्र नेले असेल, तर तेही तंबूपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचे. घरातल्या मोठ्यांना हे सांगण्यात संकोच करू नका.

पुन्हा एकदा, नीट हिशेबाने

आता तीच सहल पुन्हा आखू. संगमनेर-अकोल्याकडून येताना इंजिन चालूच असते. तेव्हा आल्टरनेटर वीज तयार करतो आणि त्यातली जास्तीची वीज बॅटरीत जाते. सर्वांचे मोबाइल आणि लॅपटॉप त्याच वेळी भरून घ्यायचे. मुक्कामाला ५ वॅटचे, १२ व्होल्टचे दोन दिवे तीन तास लावले: ३० वॅट-तास. अडीअडचणीसाठी एक मोबाइल रात्री पुन्हा भरला: २०. थोडी गळती धरून ६० वॅट-तास, म्हणजे फक्त ५ अँपिअर-तास. ६० पैकी ५५ शिल्लक! सकाळी जीप पहिल्याच सेल्फला सुरू होईल.

हल्ली आलेल्या विजेच्या मोटारींत ३०,००० वॅट-तास किंवा त्याहून मोठी बॅटरी असते. जीपच्या बॅटरीच्या चाळीसपट. त्यांपैकी काहींना २३० व्होल्टची वीज बाहेर काढण्याची सोयच दिलेली आहे. तिच्यावर किटलीही चालेल. पण तीच वीज परतीच्या वाटेवर चाके फिरवणार आहे. धरण मोठे झाले म्हणून आवर्तनाचा हिशेब सुटत नाही.

करून पाहा

शाळेतील व्होल्टमापक किंवा मल्टीमीटर घेऊन, शिक्षकांच्या किंवा गाडीच्या जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, एखाद्या १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीचा दाब तीन वेळा मोजा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी एकदा: १२.६ च्या आसपास असेल, तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. दुसऱ्यांदा सेल्फ मारतानाच: आकडा झटकन खाली जाईल, तो १० च्या वर राहतो का ते पाहा. तिसऱ्यांदा इंजिन चालू असताना: तो सुमारे १४ व्होल्ट असेल, कारण आता आल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. पहिल्या दोन आकड्यांतील फरक म्हणजेच अंतर्गत रोधात हरवलेला दाब. ओहमचा नियम असा गाडीच्या बॉनेटखाली भेटतो!

काळजी मात्र घ्या. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून जवळ काडी पेटवू नका. आतले आम्ल कातडी आणि डोळे जाळते. दोन्ही अग्रांवर एकाच वेळी पान्हा टेकला, तर मोठी ठिणगी उडते. हातातली अंगठी किंवा कडे काढून ठेवा.

आणि आता काजव्यांविषयी. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना शोधतात ते प्रकाशाच्या खुणेनेच. हा प्रकाश जवळजवळ उष्णतेशिवाय तयार होतो. आपले तीन दिवे फांदीला टांगलेले असले, की त्या झगमगाटात त्यांच्या खुणा बुडून जातात. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीतला आहे. तिथले मूळ रहिवासी ते, आपण एका रात्रीचे पाहुणे. जेवणे उरकली, की दोन्ही दिवे बंद करा, गाडीचे हेडलाइटही. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतील. मग जे दिसेल, त्यासाठीच तर तुम्ही इतक्या लांब आला होता. आणि त्याला बॅटरीतला एकही वॅट-तास लागणार नाही.